पानं पिवळी पडायलीत ताई, काय मारू?

वाचकांचे प्रश्न : थंडीत घरात घेतलेली झाडं

तुळशीची लग्नं उरकली की आमच्याकडं येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. उन्हाळ्यात सगळे विचारतात झाड वाळायलंय, पाणी किती घालू, आणि डिसेंबर-जानेवारी आला की पानं पिवळी पडायलीत, टोकं जळायलीत, डाग यायलेत, काय मारू. हे "काय मारू" आपल्या अंगातच भिनलंय, घरात कोणी ना कोणी कापूस नाहीतर सोयाबीन करणारं असतंच, त्यामुळं पान बिघडलं की हात आधी पंपाकडं जातो आणि मग डोळे झाडाकडं. ह्या महिन्याच्या गठ्ठ्यातून जी पत्रं निवडली त्यात फवारणीची खरी गरज असलेलं झाड एकच निघालं, बाकीच्यांचा घोळ पाण्यात आहे नाहीतर जागेत.

थोडं आधी सांगते म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच तेच यायला नको. आपण ज्यांना इनडोअर झाडं म्हणतो ती मुळात घरातली नाहीतच, गरम आणि ओल्या जंगलातली आहेत. मनीप्लांट तिकडं पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, अरेका पाम मादागास्करचा, कॅलेथिया दक्षिण अमेरिकेतली, फिडल लीफ पश्चिम आफ्रिकेचा. ह्यांना दहा-बारा अंशाच्या खालची रात्र सोसत नाही, पानातल्या पेशींना इजा होते आणि मुळं काम थांबवतात. आणि आपल्याकडं परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा एखाद्या वर्षी सहा-सात अंशावर येतो, दुपारी परत अठ्ठावीस-तीस, वर हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. म्हणून आपण कुंड्या उचलून घरात आणतो, ते बरोबरच आहे. पण घरात आणल्यावर उजेड कमी होतो, वारं बंद होतं, आणि आपली माया मात्र तेवढीच राहते. बहुतेक गडबड तिथून सुरू होते.

प्रश्न : (परभणीहून एक ताई) मनीप्लांट, सिंगोनियम आणि डिफेनबॅकिया अशा तीन कुंड्या थंडी लागू नये म्हणून दिवाळीनंतर गॅलरीतून हॉलमध्ये आणल्या. रोज सकाळी सातला एक-एक मग पाणी घालते, उन्हाळ्यापासून तोच नियम आहे, कधी चुकवला नाही. तरी खालची पानं एकेक करून पिवळी व्हायलीत आणि डिफेनबॅकियाचं खोड बुडाशी मऊ लागायलंय. माती आमच्या शेतातली काळी, एकदम कसदार. खत कमी पडलं का?

उत्तर : खत नाही ताई, नियम नडला. गॅलरीत ऊन होतं, वारं होतं, त्यामुळं घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पानांतून उडून जायचं. हॉलमध्ये आपल्या डोळ्याला उजेड भरपूर वाटतो पण झाडाच्या हिशोबानं तो गॅलरीच्या एक दशांशही नसतो, त्यात थंडी, म्हणजे झाड पाणी पितच नाही आणि तुम्ही रोज वाढताय. जेवायला भूक नसलेल्या लेकराच्या ताटात आपण वाढत गेलो तर जे होईल तेच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, चोवीस तास चिखलात बसली की ती गुदमरून सडतात, आणि मुळं सडली की पाणी वर चढत नाही, म्हणजे मजा अशी की पाण्यात बुडालेलं झाड तहानल्यासारखं दिसतं, पानं मान टाकतात, आणि आपण काय करतो, अजून एक मग घालतो.

आता तुमची काळी माती. राग मानू नका, मी पण शेतकऱ्याचीच पोरगी आहे, काळ्या मातीला कोणी नाव ठेवलं की मला लागतं. पण शेतात ती कसदार ठरते कारण तिथं ती खोल आहे, नांगरट होते, भेगा पडतात, त्यातून हवा जाते. दहा इंची कुंडीत तीच माती चिखलाचा गोळा होते. ओली झाली की फुगते आणि सगळी बारीक छिद्रं बंद. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेनं फट पडते, मग पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली ताटलीत. वरून बघावं तर भेगाळलेली कोरडी, आत बोट घालावं तर गारा. त्यामुळं वरचं बघून पाणी द्यायचंच नाही. खराट्याची एक काडी घ्या, कुंडीत निम्म्यापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा, ओली माती चिकटून आली की त्या दिवशी पाणी नाही. तुमच्या हॉलमध्ये बहुतेक आठ-दहा दिवसांनी एकदा लागेल पण वार ठरवू नका, काडीला विचारा. आणि सकाळी सातला तर अजिबात नको, रात्रभर गच्चीवरच्या टाकीत गार पडलेलं पाणी असतं ते, त्यानं आपण आंघोळ तरी करू का? दहा-अकरा वाजू द्या.

डिफेनबॅकियाला मात्र थांबता येणार नाही. ते कुंडीतून बाहेर काढा, मुळं तपकिरी, हाताला लागताच साल सुटणारी आणि वास मारणारी असतील तर तो भाग गेला. खोड जिथं टणक लागतं तिथं वरच्या बाजूला कापा, कापलेला शेंडा एक दिवस सावलीत सुकू द्या आणि मग ओलसर वाळूत लावून स्वयंपाकघरात ठेवा, थंडीत घरातली सगळ्यात उबदार खोली तीच. मुळं फुटायला वेळ लागेल, उपटून बघत बसू नका. कापताना हातमोजे घाला, त्याच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे बारीक कण असतात, तोंडाला किंवा डोळ्याला लागला तर आग आग होते, लेकरं असतील तर झाड वर ठेवा. बाकीच्या दोन कुंड्यांची माती आत्ता बदलू नका, होळी झाल्यावर बदला, तेव्हा एक भाग तुमची माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नसतात, त्यांच्याकडं बघून जीव जाळू नका, नवीन कोंब कसा येतोय ते बघा.

प्रश्न : (लातूरहून एक काका, निवृत्त शिक्षक) दोन अरेका पाम आहेत, हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळायलीत, जुन्या पानांची जास्त. मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. पाण्याचं दुर्भिक्ष असल्यानं आम्ही आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून झाडांना घालतो, एक थेंब वाया जात नाही. तरी असं का?

उत्तर : सर, २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावातल्या माणसाला मी आरओचं पाणी ओतून द्या कसं म्हणू. पण ते झाडांना नको. आणि मातीवर आहे ती बुरशी नाही, बोटानं खरवडून बघा, कापसासारखी निघाली तर बुरशी, आणि मिठासारखी कुरकुरीत निघाली तर क्षार. तुमच्याकडं क्षारच असणार. बागायत जमीन पांढरी पडते ना, तसंच, फक्त कुंडीत.

हिशोब मांडून बघा, तुम्ही शिक्षक आहात तुम्हाला आवडेल. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ८०० धरू, आपल्याकडं एवढा सहज असतो. तीन लिटर पाणी मशीनमध्ये गेलं, एक लिटर पिण्याचं निघालं, त्यात टीडीएस राहिला ७० च्या आसपास. मग बाकीचे क्षार गेले कुठं? उरलेल्या दोन लिटरमध्ये. म्हणजे बादलीतल्या पाण्याचा टीडीएस झाला साडेअकराशेच्या पुढं. हे पाणी कुंडीत घातलं, त्यातलं पाणी उडून गेलं, क्षार तिथंच राहिले, पुढच्या वेळेस अजून घातले. शेतात पावसाळ्यात ते खाली धुपून जातात, हॉलमधल्या कुंडीवर पाऊस कधी पडणार? मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं, आणि जे क्षार आत जातात ते पाण्याबरोबर प्रवास करत शेवटी पानाच्या टोकाला साठतात कारण पुढं रस्ताच नाही, पाणी उडतं आणि टोक जळतं. जुन्या पानांनी जास्त दिवस हे पाणी प्यायलंय म्हणून त्यांची टोकं जास्त जळालीत. कोरड्या हवेनंही टोकं वाळतात, ते खरंय, पण तुमची ती पांढरी खपली सगळं सांगून जाते.

ते पाणी फरशीला, संडासाला, गाडी धुवायला वापरा, तिथं काही बिघडत नाही. थंडीत एका अरेकाला आठवड्याला दोन लिटरच्या वर पाणी लागत नाही, तेवढ्यापुरतं निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं चांगलं पाणी मिसळून द्या. आणि एकदा मातीतले क्षार धुऊन काढावे लागतील, त्याला इलाज नाही. वरची पांढरी खपली अर्धा इंच खरवडून फेका, दुपारी उन्हाच्या वेळेला कुंडी अंगणात कडुलिंबाच्या नाहीतर सीताफळाच्या बुंध्याजवळ न्या, कुंडीत माती जेवढी असेल निदान तेवढं चांगलं पाणी हळूहळू ओता, बुडातून निघू द्या, म्हणजे ते पाणी वाया गेल्याचं दुःख नको, बाहेरचं झाड पिऊन घेईल. संध्याकाळच्या आत कुंडी घरात. खाली ताटलीत साठलेलं पाणी परत वर ओतू नका, काही लोक काटकसर म्हणून तसं करतात. खत उन्हाळ्यापर्यंत बंद, तेही शेवटी क्षारच. वाळलेली टोकं कात्रीनं पानाच्या आकारात तिरकी कापा पण हिरव्यापर्यंत जाऊ नका, वाळलेली बारीक कड ठेवा, नाहीतर कापल्या जागेपासून परत वाळत येतं.

टँकरचं पाणी चालेल का असंही तुम्ही खाली विचारलंय. टँकर तरी कुठून भरतो सर, बहुतेक बोअरवरूनच. टीडीएस मीटर लावून बघा, दोन-चारशे रुपयांना मिळतं. पुढच्या पावसाळ्यात पत्र्याखाली एखादं टिपाड लावलं तर हिवाळ्याची सोय होऊन जाते, आणि उन्हाळ्यात कोणाकडं एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी मागून आणा, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

प्रश्न : (छत्रपती संभाजीनगर, फ्लॅटमधली एक वाचक) फिडल लीफ फिग दोन वर्षांपासून हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीत आहे. जागा हलवली नाही, पाणी बदललं नाही. उन्हाळाभर मस्त होता. आता खिडकीकडच्या पानांवर आधी पांढुरके आणि मग तपकिरी कागदासारखे डाग आलेत, मागच्या बाजूची पानं ठणठणीत. पानं मी दर रविवारी खोबरेल तेलानं पुसते, चमक छान येते. बुरशीनाशक मारू का?

उत्तर : झाड हललं नाही, पण सूर्य हलला की! आपल्याकडं मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तोच सूर्य दुपारी बारा-साडेबाराला दक्षिणेकडं कलून ४७ अंशावर असतो आणि थेट तुमच्या हॉलमध्ये शिरतो. उन्हाळाभर सावलीत वाढलेली पानं, त्यांना अचानक चार-पाच तास काचेतून ऊन, त्यात तेल लावलेलं. भाजणारच. डाग कोरडे, कागदासारखे आणि फक्त उन्हाच्या बाजूला, म्हणजे भाजल्याचेच. मुळं सडल्याचे डाग वेगळे दिसतात, काळपट, ओलसर, खालच्या पानांपासून सुरू होतात आणि त्यांना उन्हाची बाजू कळत नाही. म्हणून बुरशीनाशक नको.

झाड तीन-चार फूट आत ओढा नाहीतर पातळ पांढरा पडदा लावा, अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र टाकू नका, त्याला उजेड भरपूरच लागतो. पान काचेला टेकत असेल तर तेही बघा, दुपारी भाजणारी काच पहाटे बर्फासारखी गार असते. आणि खोबरेल तेल डोक्याला लावा. तेलकट पानावर धूळ बसून थर होतो, पानाचं श्वास घेणं अवघड होतं. ओलं फडकं पुरे.

प्रश्न : (जालना, मोसंबीवाले एक भाऊ) घरच्यांनी हौसेनं अनंत लावलाय कुंडीत, थंडीमुळं काचेच्या बंद गॅलरीत घेतलाय. नवीन पानं पिवळी येतात पण शिरा हिरव्या राहतात. जुनी पानं चांगली हिरवी. मोसंबीला पण असंच होतं कधी कधी. युरिया टाकला थोडा, फरक नाही.

उत्तर : भाऊ, उत्तर तुम्हीच लिहिलंय की पत्रात. मोसंबीला होतं तेच, लोह कमी. एक गोष्ट लक्षात ठेवा, नत्र (युरियातून मिळतं ते) कमी पडलं तर झाड जुन्या पानातून काढून नवीन पानाला देतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही, ते एकदा ज्या पानात गेलं तिथून हलत नाही, त्यामुळं कमतरता नवीन पानात दिसते. आणि मातीत लोह नाही असंही नाही, आपली माती बेसाल्टची, लोह भरपूर आहे, पण चुनखडी आणि बोअरचं जड पाणी ह्यानं मातीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे तिचा आंबटपणा कमी होतो, आणि आहे ते लोह झाडाला उचलता येत नाही. अनंताला तर आंबट माती लागते. वर थंडीत मुळं गारठली की उचल अजून कमी.

युरिया बंद करा. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) मागताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा, ईडीटीएवालं स्वस्त असतं पण आपल्यासारख्या चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. पाकिटावर शेतासाठी सांगितलेल्या मापाच्या निम्म्यानं, पाण्यातून मुळाशी द्या, दुपारी. मोसंबीला टाकता तसं मुठीनं टाकू नका, ही कुंडी आहे. पाणी आरओचं पिण्याचं नाहीतर साठवलेलं पावसाचं. फरक नवीन येणाऱ्या पानात दिसेल, तोही थंडी ओसरल्यावर. शेजारी सांगतात म्हणून लिंबू पिळत बसू नका, किती पिळायचं ते मापल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

प्रश्न : (वसमतहून) रंगीबेरंगी पानांचं कॅलेडियम सगळंच खाली बसलंय, एकेक पान पिवळं होऊन आडवं पडायलंय. घरात घेऊन, झाकून, सगळं करून बघितलं. मेलं का?

उत्तर : वसमतला राहून हे विचारताय? हळदीचा पाला जानेवारीत वाळतो तेव्हा हळद मेली म्हणता का? कंद आहे त्याच्या खाली, तो झोपलाय. पाणी पूर्ण बंद करा, पाला आपोआप वाळला की काढा, कुंडी तशीच कोरडी घरातल्या कोपऱ्यात सरकवा, आणि गुढीपाडव्यानंतर बाहेर काढून पाणी सुरू करा. आत्ता पाणी घालत राहिलात तर मात्र कंद सडेल आणि मग खरंच मरेल.

प्रश्न : (नांदेडहून, कॉलेजात शिकणारी एक मुलगी) कॅलेथियाची पानं कडेनं गुंडाळायलीत, वरून बारीक बारीक पिवळसर ठिपके, पान निस्तेज झालंय, आणि देठाजवळ कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आहे. रोज दोन-तीन वेळा पाण्याचा फवारा मारते. पप्पा म्हणतात कापसाचं औषध उरलंय ते मारू. मारू का?

उत्तर : नको, नको, नको. शेतातलं औषध घरात, जिथं तू झोपतेस जेवतेस तिथं, अजिबात मारायचं नाही, पप्पांना माझं नाव सांग. आणि त्याचा उपयोगही होणार नाही, कारण हा लाल कोळी आहे, कोळी म्हणजे कीडा नव्हे, आठ पायांचा प्राणी, किड्यांची बरीच औषधं त्याला लागूच पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि तो वाढतो. खात्री करायची असेल तर पांढरा कागद पानाखाली धर, पान टिचकीनं झटक, कागदावर पडलेले धुळीसारखे ठिपके चालायला लागले की समज.

कोळ्याला कोरडी हवा फार आवडते आणि आपली थंडी म्हणजे नुसती कोरडी, दुपारी हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली येते, कॅलेथियाला साठच्या आसपास पाहिजे. तू मारतेस तो फवारा पाच-दहा मिनिटांत उडून जातो, त्यानं हवा ओली होत नाही. त्यापेक्षा सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून ठेव, झाडं स्वतःच बाष्प सोडतात, घोळक्यात ते टिकतं. बाथरूमला उजेडाची खिडकी असेल तर कॅलेथियाला तिच्यासारखी जागा नाही.

औषध म्हणशील तर आधी दुपारी झाड बाथरूममध्ये नेऊन कोमट पाण्यानं पानं खालून धुऊन काढ, निम्मे कोळी तिथंच जातात. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे आठ-दहा थेंब, नीट घुसळून, पानांच्या खालच्या बाजूनं फवार. संध्याकाळी फवार, उन्हात नाही, आणि आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघ, कॅलेथिया नाजूक आहे. एकदा मारून सोडायचं नाही, अंडी त्यानं मरत नाहीत, ती फुटतात आणि परत सुरू, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीनदा. तोपर्यंत हे झाड बाकीच्यांपासून लांब ठेव, घोळक्यात नंतर. वास येईल घरभर, कडू, आई ओरडेल, खिडकी उघडी ठेव.

प्रश्न : (बीडहून) सकाळी उठलं की अलोकेशियाच्या पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत असतो. वर पाणी मारलेलं नसतं. रोग आहे का?

उत्तर : नाही. रात्री मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि पानाची छिद्रं मिटलेली असतात, जास्तीचं पाणी टोकातून बाहेर येतं. रोज येत असेल तर पाणी जरा कमी करा एवढंच.

प्रश्न : (अंबाजोगाईहून एक ताई) अंगणातल्या वृंदावनातली तुळस दरवर्षी थंडीत काळी पडून जाते म्हणून ह्या वर्षी कुंडीत लावली आणि लग्न झाल्याबरोबर घरात देवघरापाशी आणली. रोज आंघोळ झाली की सासूबाई तांब्याभर पाणी घालतात, हळदीकुंकू, कधी दूध, संध्याकाळी निरंजन. पंधरा दिवसांत पानं पिवळी होऊन गळायलीत, मातीत चिलटं झालीत. बाहेर ठेवावं तर थंडी, आत ठेवावं तर हे. सासूबाईंना काही बोलायची सोय नाही, तुळशीला पाणी घालू नका असं कसं म्हणू?

उत्तर : म्हणू नका. तुळशीला पाणी घालायचं थांबवा असं मी पण माझ्या सासूला म्हटलं नसतं. पण तुळस ही मनीप्लांटसारखी सावलीत भागवणारी नाही, उन्हाची भुकेली, तिला पाच-सहा तास कडक ऊन लागतं, आणि देवघरापाशी तिला मिळतो निरंजनाचा उजेड. म्हणजे दोन्हीकडून अडचण, ऊन नाही म्हणून पाणी उडत नाही आणि तांब्या रोजचा. तिच्यावर मंजुळा तशाच ठेवल्या असतील तर अजूनच, झाड बी करण्यात ताकद घालवतं आणि पानं सोडून देतं.

असं करा. दिवसा कुंडी अंगणात, ऊन आलं की बाहेर आणि सूर्य मावळला की आत, पहाटेची थंडीच तिला काळी करते, दिवसाची नाही. उचलायला जड असेल तर पाटाला चाकं मारून घ्या, सुतार करून देतो. बाहेरच ठेवावी लागली तर रात्री जुनं सुती लुगडं वरून पांघरा, लग्नात शालू नेसवतोच आपण, मग हे काय अवघड आहे, फक्त सकाळी आठवणीनं काढा, आणि प्लास्टिक नको, त्यावर दव साठून पानं कुजतात. पाण्याचं असं की सासूबाईंना कुंडीशेजारी ताम्हन ठेवून द्या. अर्घ्य ताम्हनात सोडायचं, त्यातलं पळीभर तुळशीच्या बुंध्याशी आणि उरलेलं वृंदावनात, तिथंही तीच देवी आहे की. हळदीकुंकू कुंडीच्या कडेला लावा, दूध मातीत नको, चिलटं त्या ओलीवर आणि कुजणाऱ्या मातीवरच वाढतात. वरची एक इंच माती काढून त्या जागी जाडी वाळू पसरा, वरून कोरडी राहिली की त्यांना अंडी घालायला जागा उरत नाही. पिवळा चिकट कागद खोचून ठेवला तर उडणारी चिकटतील.

एवढं करूनही काही पानं गळतीलच, थंडीत तुळस थोडी उघडी पडतेच आणि दोन-तीन वर्षांची खोडं लाकडासारखी झाली की ती जातेच, त्यात तुमचा किंवा सासूबाईंचा दोष नाही. त्यामुळं आत्ताच वाळलेल्या मंजुळा खुडून घ्या, तळहातावर चोळा, बारीक तपकिरी बी निघेल, कागदाच्या पुडीत घालून डब्यात ठेवा आणि शिमगा झाला की वृंदावनातच भुरभुरा, मातीनं जास्त झाकू नका.